मेरी ब्रेकिन्रिज: चाळिशीनंतर प्रसूतीची परीक्षा देणारी नर्स

तुमची मुलगी किंवा सून अमेरिकेत असेल आणि तिच्या बाळंतपणासाठी तुम्ही तिकडे गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या नक्की लक्षात आली असेल. तपासणीच्या दिवशी खोलीत डॉक्टर येतातच असे नाही. एक बाई येतात, ब्लड प्रेशर घेतात, पोट तपासतात, बाळाचे ठोके ऐकवतात, रिपोर्ट वाचतात, औषध लिहून देतात आणि पुढची तारीख देतात. त्या डॉक्टर नसतात. त्या नर्स प्रॅक्टिशनर किंवा नर्स-मिडवाइफ असतात. परत आल्यावर अनेक आजी-आजोबा मला विचारतात, की डॉक्टरांनी न बघता नर्सनेच सगळे केले, हे चालते का?

चालते. पण त्यामागे एक अट आहे. त्या नर्सने वरचे प्रशिक्षण घेतलेले असते, प्रत्यक्ष पेशंट तपासण्याचे ठरावीक तास पूर्ण केलेले असतात आणि त्यानंतर प्रमाणपत्राची स्वतंत्र परीक्षा पास केलेली असते. आपल्याकडेही आता अशा नर्स तयार होऊ लागल्या आहेत. म्हणून या परीक्षेला एवढे महत्त्व का, हे पेशंट आणि नातेवाईक म्हणून तुम्हाला माहीत असायला हवे. ते समजावून सांगण्यासाठी मला सिलॅबस सांगण्यापेक्षा एका बाईंची गोष्ट सांगणे सोपे वाटते. अमेरिकेच्या नर्सिंगच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे, मराठीत मात्र त्यांच्याबद्दल फार कमी वाचायला मिळते.

मोठे घराणे आणि दोन मुलांचा मृत्यू

मेरी ब्रेकिन्रिज यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८८१ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, मेम्फिस शहरात झाला. घराणे राजकारणातले. आजोबा जॉन ब्रेकिन्रिज अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. वडील रशियात अमेरिकेचे वकील म्हणून नेमले गेले, त्यामुळे मेरीचे बालपण काही काळ रशियात आणि शाळा काही काळ स्वित्झर्लंडमध्ये झाली. अशा घरातल्या मुलीने लग्न करावे, घर सांभाळावे, एवढीच त्या काळी अपेक्षा होती. नोकरी करण्याचा प्रश्नच नव्हता.

१९०४ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि १९०६ मध्ये पती गेले. कारण अपेंडिक्सचा आजार. आज ज्या आजाराचे ऑपरेशन तालुक्याच्या ठिकाणी होते आणि पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जातो, त्याने तेव्हा तरुण माणसे जात. पंचविशीत विधवा झालेल्या मेरी यांनी न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमध्ये नर्सिंगचे शिक्षण घेतले आणि १९१० मध्ये त्या नर्स झाल्या.

१९१२ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले. पती आर्कान्सामधील एका महिला कॉलेजचे प्रमुख होते. १९१४ च्या जानेवारीत मुलगा झाला, त्याला सगळे ब्रेकी म्हणत. १९१६ मध्ये मुलगी झाली, पण ती अपुऱ्या दिवसांची होती आणि काही तासच जगली. जानेवारी १९१८ मध्ये, चौथ्या वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांत, ब्रेकीही आजारपणात गेला. पुढे दोन वर्षांत संसारही मोडला आणि १९२० मध्ये घटस्फोट झाला. त्यांनी आपले माहेरचे नाव पुन्हा लावले.

अशा दुःखावर औषध नसते. दवाखान्यात मूल गमावलेल्या आया मी पाहतो. कोणी देवधर्माकडे वळते, कोणी गप्प होते, कोणी कामात स्वतःला गाडून घेते. मेरी यांनी पुढचे सगळे आयुष्य लहान मुलांसाठी द्यायचे ठरवले. पण दुसऱ्यांची मुले वाचवायची तर नेमके काय करायचे, हे त्यांना लगेच समजले नव्हते.

फ्रान्समध्ये सापडलेले उत्तर

पहिले महायुद्ध संपल्यावर त्या उद्ध्वस्त फ्रान्समध्ये मदतकार्यासाठी गेल्या. तिथे गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी त्यांनी घरोघरी जाणाऱ्या नर्सची व्यवस्था उभी केली. याच काळात त्यांची इंग्लंडमधल्या अशा नर्सशी ओळख झाली, ज्या नर्सही होत्या आणि बाळंतपणही करू शकत होत्या. अमेरिकेत असे काही नव्हते. तिथे एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला गावची सुईण. मधली जागा रिकामी होती.

मेरी यांच्या मनात आले, की आपल्या पूर्वजांच्या केंटकी राज्यातल्या डोंगराळ भागात ही मधली जागा भरायची. आई वारल्यावर जो पैसा वाट्याला आला, तो या कामात घालायचे ठरले.

१९२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी तिथल्या तीन काउंट्यांची घोड्यावरून आणि खेचरावरून पाहणी केली, सुमारे ६५० मैल. रस्ते नव्हतेच, ओढ्याच्या पात्रातून वाट. डॉक्टर मिळणे जवळपास अशक्य. या प्रवासात त्या ५३ सुईणींना भेटल्या. बहुतेक वयस्क, बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. सगळे साध्या पद्धतीने पार पडले तर या बाया उत्तम धीर द्यायच्या. पण रक्तस्राव थांबेना, झटके आले, बाळ आडवे आले, की त्यांच्या हातात काही नव्हते. शिवाय बाळंतपणाआधी तपासणी करायची असते ही कल्पनाच तिथे नव्हती.

सुईणींना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या आज्या-पणज्यांची बाळंतपणे त्यांनीच केली. अडचण त्यांच्या मायेत किंवा हातात नव्हती. कोणते बाळंतपण आपल्या आवाक्यातले आणि कोणते नाही, हे ओळखायला त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी

आता मेरी यांच्याकडे काय काय होते ते पाहा. नर्सिंगचे प्रमाणपत्र होते. फ्रान्समधला मोठा अनुभव होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये पुढचा अभ्यासही त्यांनी केला होता. पैसा होता, ओळखी होत्या. दुसरे कोणी असते तर संस्था काढून अध्यक्षाच्या खुर्चीत बसले असते.

मेरी लंडनला गेल्या आणि वूलिचच्या एका प्रसूती रुग्णालयात विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. वय बेचाळीस.

तिकडेच का? इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने सेंट्रल मिडवाइव्ह्ज बोर्ड स्थापन झाले होते. बाळंतपण करणाऱ्या बाईने या बोर्डाची परीक्षा द्यायची, नाव नोंदवायचे आणि मगच काम करायचे, असा नियम होता. परीक्षेला बसण्याआधी देखरेखीखाली किमान वीस बाळंतपणे करावी लागत आणि वीस बाळंतिणींची पुढचे काही दिवस शुश्रूषा करावी लागे. मग लेखी आणि तोंडी परीक्षा. आधीच नर्स असलेल्यांना प्रशिक्षणाचा काळ कमी होता, परीक्षेत मात्र सूट नव्हती.

चाळिशीनंतर अभ्यासाला बसलेल्या माणसालाच त्याची खरी अडचण कळते. डोके चालत नाही असे नसते, उलट अनुभवामुळे विषय लवकर समजतो. अवघड जाते ते रात्री-अपरात्री उठून जाणे, आपल्यापेक्षा वयाने लहान शिक्षिकेच्या हाताखाली काम करणे आणि हे मला येते हा समज बाजूला ठेवणे. मेरी यांनी हे केले आणि प्रमाणपत्र मिळवले.

त्यानंतर १९२४ मध्ये त्या स्कॉटलंडला गेल्या. तिथल्या डोंगरात आणि बेटांवर विखुरलेल्या वस्तीसाठी १९१३ पासून सरकारी आरोग्यसेवा सुरू होती. एका नर्सकडे ठरावीक मुलूख, तिच्या मागे डॉक्टर आणि त्यांच्या मागे हॉस्पिटल, अशी रचना. केंटकीसाठी हाच नमुना त्यांनी घेतला. त्यानंतर प्रमाणपत्र असलेल्यांसाठीचा पुढचा अभ्यास करायला त्या पुन्हा लंडनला गेल्या.

घोड्यावरचा दवाखाना

२८ मे १९२५ रोजी केंटकीत संस्था सुरू झाली. १९२८ पासून तिचे नाव फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस. लेस्ली काउंटीतल्या हायडन गावाजवळ वेंडोव्हर या ठिकाणी मेरी यांनी ओंडक्यांचे घर बांधले आणि तिथून काम सुरू केले. हळूहळू डोंगरात ठिकठिकाणी नर्सची केंद्रे उभी राहिली. प्रत्येक केंद्राभोवती साधारण पाच मैलांचा परिसर, म्हणजे घोड्यावरून वेळेत पोहोचता येईल एवढाच.

नर्सकडे खोगिराला अडकवायच्या पिशव्या असत. एका जोडीत रोजच्या आजारांचे सामान, दुसरीत बाळंतपणाचे. वर्षाला घरटी एक डॉलर आणि बाळंतपणाचे पाच डॉलर अशी फी होती, त्यात आधीच्या तपासण्याही आल्या. पैसे नसतील तर लोक धान्य देत, चारा देत, नाहीतर दोन दिवस कुंपणाचे काम करून देत.

त्या फक्त बाळंतपणे करत नव्हत्या. देवी, घटसर्प आणि विषमज्वराच्या लसी देणे, मुलांमधले जंत, जखमा, क्षयाच्या पेशंटची काळजी, पिण्याच्या पाण्याबद्दल सांगणे, हे सगळे त्याच नर्सकडे. आजोबांपासून बाळापर्यंत अख्खे घर एका नर्सकडे. आजची फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर नेमके हेच करते, फक्त घोड्याऐवजी कार आणि पिशवीऐवजी कॉम्प्युटर.

डॉक्टर म्हणून मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. लेक्सिंग्टन शहरातल्या डॉक्टरांच्या समितीने या नर्ससाठी लेखी सूचनांचे पुस्तक तयार केले होते. कोणत्या लक्षणाला काय द्यायचे, किती द्यायचे, डॉक्टर येईपर्यंत काय करायचे आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे त्यात लिहिलेले. नर्स ते जवळ बाळगत. म्हणजे त्यांचे स्वातंत्र्य मोठे होते, पण त्याची हद्द आखलेली होती. १९२८ मध्ये हायडनला छोटे हॉस्पिटल झाले आणि अवघड पेशंट तिथे नेता येऊ लागले.

१९३१ मध्ये घोड्यावरून पडून मेरी यांच्या पाठीचा मणका मोडला. त्यानंतर पट्टा लावून त्या काम करत राहिल्या. देशभर भाषणे देऊन पैसा उभा करणे हा तोपर्यंत त्यांच्या कामाचा मोठा भाग झाला होता.

आकडे काय सांगतात

पहिल्यापासून मेरी यांनी नोंदी काटेकोर ठेवल्या आणि त्यांचे विश्लेषण बाहेरच्या लोकांकडून, मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या तज्ज्ञांकडून करून घेतले. १९२५ ते १९५१ या काळात त्यांच्या सेवेत दर दहा हजार जन्मांमागे साधारण नऊ मातांचा मृत्यू झाला. त्याच काळात संपूर्ण अमेरिकेचा आकडा सुमारे चौतीस होता. बहुतेक बाळंतपणे घरी, गरीब वस्तीत आणि रस्ता नसलेल्या डोंगरात झालेली.

हा आकडा आपल्या ओळखीच्या भाषेत सांगतो. दहा हजारांत नऊ म्हणजे एक लाखात सुमारे नव्वद. २०१८ ते २०२० या काळात भारताचा मातामृत्यूचा आकडा एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होता (महाराष्ट्राचा ३३). म्हणजे आपल्या देशाची अगदी अलीकडची सरासरी या नर्सनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी, बऱ्याच अंशी रक्तपेढी आणि अँटिबायोटिकशिवाय गाठली होती.

यात जादू नव्हती. गरोदरपणात नियमित ब्लड प्रेशर, लघवीत प्रोटीन जाते का याची तपासणी, स्वच्छ हात, आणि काहीतरी बिघडते आहे हे लवकर ओळखून वर पाठवणे, एवढेच होते.

बाहेरून नर्स मिळेनाशा झाल्या तेव्हा

सुरुवातीची अनेक वर्षे या संस्थेतल्या नर्स एकतर ब्रिटिश होत्या किंवा तिकडे पाठवून शिकवलेल्या अमेरिकन, कारण अमेरिकेत शिकायची सोय नव्हती. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, ब्रिटिश नर्स मायदेशी परतू लागल्या आणि इंग्लंडला कोणाला पाठवणेही बंद झाले. मेरी यांनी त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हायडनमध्ये स्वतःची शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत दोन विद्यार्थिनी होत्या. शिक्षण संपले की राज्याच्या आरोग्य खात्याची परीक्षा. स्वतः बेचाळिसाव्या वर्षी जे केले, तेच त्यांनी इतरांनाही करायला लावले. आमच्या संस्थेत शिकली म्हणून परीक्षा नको, अशी सवलत नव्हती.

एक गोष्ट लपवू नये. या शाळेचे आणि नोकरीचे दार मेरी यांच्या हयातीत कृष्णवर्णीय नर्सना बंद होते. त्या काळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला वर्णभेद त्यांनी मोडला नाही, पाळला. प्रमाणपत्र पेशंटच्या हितासाठी असते हे त्यांना समजले होते, पण ते मिळवण्याची संधी सगळ्यांना हवी, हे त्यांनी मान्य केले नाही. आज ती शाळा फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी म्हणून चालते आणि हा इतिहास ती उघडपणे मान्य करते.

मेरी ब्रेकिन्रिज १६ मे १९६५ रोजी वेंडोव्हरला वारल्या. त्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनर या नावाचा अमेरिकेतला पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. १९७० मध्ये हायडनच्या शाळेनेही कुटुंबासाठीच्या नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम काढला आणि १९७१ मध्ये अमेरिकेत नर्स-मिडवाइफसाठी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा सुरू झाली.

आजच्या परीक्षेत काय विचारतात?

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठी आधी नर्सिंगची पदवी, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट आणि प्रत्यक्ष पेशंट तपासण्याचे शेकडो तास लागतात. त्यानंतर कॉम्प्युटरवर काही तासांची परीक्षा. बहुतेक प्रश्न एखाद्या पेशंटची परिस्थिती सांगून विचारलेले असतात. एक नमुना मी स्वतःच तयार करून सांगतो: चौतीस आठवड्यांची गरोदर बाई, दोन दिवस डोके दुखते आहे, चेहऱ्यावर सूज, ब्लड प्रेशर १६०/११०. तुम्ही आधी काय कराल? डोकेदुखीची गोळी, मीठ कमी करण्याचा सल्ला, एका आठवड्याने पुन्हा तपासणी, की ताबडतोब हॉस्पिटल?

उत्तर ताबडतोब हॉस्पिटल हेच आहे. औषधांची नावे पाठ करून हे जमत नाही. अभ्यास करणाऱ्या नर्स महिनोन्महिने असे शेकडो प्रश्न सोडवतात, ते पेशंट समोर आल्यावर आपण सांभाळू शकतो की नाही हे पटकन ठरवता यावे म्हणून. प्रमाणपत्र एकदा मिळाले की कायमचे असेही नसते. साधारण दर पाच वर्षांनी नवे शिक्षण दाखवून ते पुन्हा मिळवावे लागते.

हा नमुना प्रश्न तुमच्याही उपयोगाचा आहे. घरात गरोदर बाई असेल, तर सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणे, चेहरा-हातांवर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, झटके येणे किंवा ब्लड प्रेशर १४०/९० च्या वर असणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट बघू नका. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही यात धरा. जास्त रक्तस्राव, ताप, धाप लागणे आणि डोकेदुखी यांकडे तेव्हा घरात सगळ्यांचेच दुर्लक्ष होते, कारण सगळे बाळाभोवती असतात.

आपल्याकडे काय आहे?

भारत सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार अनुभवी नर्सना दीड वर्षाचे प्रशिक्षण देऊन नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी तयार करायच्या आहेत. अतिदक्षता विभागासाठीही नर्स प्रॅक्टिशनरचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. यांची संख्या अजून थोडी आहे, त्यामुळे तुमच्या जवळच्या हॉस्पिटलमध्ये त्या भेटतीलच असे नाही.

पण एक गोष्ट तुम्ही आजही विचारू शकता. पांढरा किंवा निळा ड्रेस घातलेली प्रत्येक व्यक्ती नर्स नसते. सलाइन लावणाऱ्या, इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर किंवा ब्रदर यांनी एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केले आहे का आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारायला हरकत नाही. घरी पेशंट सांभाळायला ब्युरोकडून बाई ठेवताना तर नक्की विचारा, कारण तिथे आया आणि नर्स यांतला फरक बऱ्याचदा सांगितलाच जात नाही. आयाही फार मोलाचे काम करते, पण इन्सुलिनचा डोस ठरवणे हे तिचे काम नाही.

विचारताना आवाज चढवू नका. सिस्टर, तुमचे शिक्षण कुठे झाले, असे सहज विचारले तरी पुरते. परीक्षा देऊन नोंदणी केलेल्या बहुतेक नर्स कॉलेजचे नाव आणि वर्ष आनंदाने सांगतात. परदेशात असाल तर बिल्ल्यावर नावापुढची अक्षरे वाचा. आरएन म्हणजे नोंदणीकृत नर्स, एफएनपी म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आणि सीएनएम म्हणजे प्रमाणित नर्स-मिडवाइफ. यांपैकी शेवटची दोन दिसली, तर तुमच्या मुलीला तपासणाऱ्या बाईंनी ती परीक्षा दिलेली आहे.